गगनवीराचा घास

परवा माझ्या मुलीनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. ‘बाबा, हे तुमच्या लहानपणीचं ना? केवढं विनोदी आहे!’ पडद्यावर गगनवीर उडत होता. निळी घट्ट विजार, छातीवर पत्र्याचा सूर्य आणि कमरेला बांधलेली तार, तीही स्पष्ट दिसणारी. मुलगी खदखदून हसत होती आणि माझ्या घशाशी आंबट आलं. ‘बंद कर ते,’ मी जरा जोरातच म्हणालो. तिला वाटलं, लहानपणीच्या लाडक्या नायकाची चेष्टा बाबांना सहन होत नाही. तिला काय सांगू? लोकांना जुन्या मालिका पाहून गहिवरून येतं, मला शिसारी येते. मालिकेची येते, ती पाहून डोळे पुसणाऱ्या आमच्या घरच्या माणसांची येते आणि सगळ्यात जास्त येते ती अकरा वर्षांच्या माझी. पोटात ढवळत असलं की आई म्हणायची, एकदाचं ओकून टाक, बरं वाटेल. पन्नाशी जवळ आली, केस पिकले, तरी हे एक पोटात राहिलंच आहे. म्हणून लिहायला बसलो.

आम्ही बडोद्याला फतेगंजमध्ये राहत होतो. दोन खोल्या, पुढं जाळीची गॅलरी, शेजारी कोकिलाबेन. सकाळी पलटणीच्या बाजूनं बिगूल ऐकू यायचा आणि पाठोपाठ कोकिलाबेनच्या घरातली घंटी. बाबा नंदेसरीला एका केमिकलच्या कारखान्यात कामाला होते. संध्याकाळी ते दारात यायच्या आधी त्यांचा वास घरात यायचा. कुजलेल्या अंड्यांचा आणि जळक्या रबराचा मिळून एक वास. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, स्वतःचं नाक पदरानं बांधून. बाबांच्या नखांच्या कडा कायम पिवळ्या असत. त्या हातांनी ते मला जवळ घ्यायचे तेव्हा मी अंग चोरायचो. ते त्यांना कळायचं आणि ते काही बोलायचे नाहीत. कशाहीबद्दल काही न बोलणं ही बाबांची खासियत होती, आणि या हकिकतीत तिचा त्यांनी पुरेपूर वापर केला.

बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे काका, पाणीगेटला जुन्या घरात राहत. नलूकाकू, त्यांचे दोन मुलगे आणि सगळ्यांच्या वर आत्या. आत्या बाबांची आणि काकांची मोठी बहीण, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, लग्न न केलेली. आमचे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, ही गोष्ट ती दूधवाल्यालासुद्धा सांगायची. रविवारी सकाळी ही सगळी मंडळी रिक्षा करून आमच्याकडे यायची, कारण रंगीत टीव्ही आमच्याकडे होता आणि ‘गगनवीर’ रंगीतच पाहायला पाहिजे असा आत्याचा निकाल होता. त्या वर्षांत बाजारात रोज काहीतरी नवं येत होतं, नवी बिस्किटं, नवी पेयं, आणि त्या सगळ्यांच्या जाहिराती गगनवीराच्या मधे मधे चिकटवलेल्या असायच्या.

आता जी गोष्ट मला अकराव्या वर्षी कळली, ती वाचणाऱ्याला आधीच सांगून टाकतो. मला माझ्या आईनं जन्म दिला नाही, काकूनं दिला. आई-बाबांना लग्नानंतर नऊ वर्षं मूल नव्हतं आणि काकूला तिसरा मी झालो. बारशाच्या दिवशी बायका बाळाला पाळण्याखालून या हातातून त्या हातात देतात, ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणतात. तसं काकूनं मला आईच्या हातात दिलं आणि आईनं परत दिलं नाही. आधीच ठरलं होतं. कागद नाही, होम नाही, घरातल्या घरात झालेला व्यवहार. बडोद्यातल्या आमच्या सगळ्या गोतावळ्याला हे ठाऊक होतं, एक मी सोडून. आणि गंमत बघा, या गावाला दत्तकाचं वावडं असायचं काही कारणच नव्हतं. ज्या राजाच्या पुतळ्यापुढून जाताना आत्या रिक्षातल्या रिक्षात हात जोडायची, तो शेतकऱ्याच्या घरातून आणून गादीवर बसवलेला दत्तकच होता. राजाचं ते मोठेपण. आमच्या घरातलं मात्र कुजबुजायचं.

रविवारी आई पहाटेपासून सेव-उसळीच्या मागे असायची. रात्री भिजवलेले वाटाणे, लाल तरी, चिरलेला पातीचा कांदा, पावाच्या लाद्या. तरीचा ठसका गॅलरीपर्यंत यायचा आणि कोकिलाबेन आपली वाटी घेऊन हजर व्हायच्या. सगळे टीव्हीसमोर सतरंजीवर बसायचे, आई तेवढी स्वयंपाकघरात. ती मालिका बघायचीच नाही. आणि नेमका रंगात आलेला प्रसंग असला की आत मिक्सर सुरू व्हायचा. घर्र घर्र आवाज आणि पडद्यावर आडव्या रेघाच रेघा. सगळे एकदम ओरडायचे. कोकिलाबेन म्हणायच्या, ‘अरे सुमनबेन, मिक्सर बंद करो ने! लीटा आवे छे!’ चुलतभाऊ पाय आपटायचे. आत्या म्हणायची, ‘सुमनला वेळकाळ म्हणून नाही.’ आणि मी? मी सगळ्यात मोठ्यानं ओरडायचो. ‘आई, बंद कर ना, तुला काही अक्कल आहे का!’ सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या आईला. मिक्सर बंद व्हायचा, प्रसंग संपलेला असायचा आणि आई हात पुसत दारात येऊन विचारायची, ‘कुणाला अजून तरी हवी का?’

कुठल्या प्रसंगाला मिक्सर लागतो, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. गगनवीर एका धोबिणीला नदीकाठी सापडलेला असतो. गंगा तिचं नाव. ती त्याला वाढवते, तापात रात्री जागवते, कपडे बडवून बडवून तिचे हात सोलवटतात. तो उडायला लागतो, जग वाचवतो, ठीक. पण मालिका लांबवायची म्हणून कुणाच्या तरी डोक्यात आलं की याची खरी आई शोधू या. मग काय, प्रत्येक रविवारी तेच. ‘जनम देनेवाली’ असं कुणीतरी म्हणायचं की शंख वाजायचा, वीज चमकायची, तीन वेळा तोच चेहरा दाखवायचे. ‘पालनेवाली’ म्हटलं की नुसती बासरी, तीही रडकी. खरी आई म्हणजे काचेच्या महालात कैद केलेली, पांढऱ्या साडीतली बाई. तिचं कर्तृत्व एवढंच की ती डोळे मिटून सुस्कारे टाकायची. आणि आमच्या घरातली शिकली-सवरलेली माणसं तिच्यासाठी हुंदके देत होती. आत्याचा रुमाल ओला. काकू मात्र मान खाली घालून वाटीतला वाटाणा चमच्यानं फिरवत बसायची. ते मला तेव्हा दिसत होतं आणि कळत नव्हतं.

माझी मुंज लांबत चालली होती. आठव्या वर्षी व्हायची ती आईनं या ना त्या कारणानं अकरापर्यंत ढकलली. एका वर्षी तिची पाठ दुखत होती, एका वर्षी बाबांची पाळी बदलली. शेवटी आत्यानं स्वतःच पंचांग उघडलं आणि वैशाखातला एक बुधवार धरला. आई का टाळत होती तेही आता कळतं. मुंजीत मातृभोजन असतं. मुंडनाच्या आधी मुलगा आईच्या शेजारी बसून तिच्याच ताटात जेवतो. ती त्याला भरवते, तो तिला भरवतो, एकमेकांचं उष्टं खायची ती शेवटची वेळ. त्या पाटावर कोण बसणार, याची धास्ती तिनं तीन वर्षं उरात बाळगली होती.

मुंजीच्या आधीच्या रविवारी मालिकेत तो घास आला. गगनवीराची शक्ती गेलेली, तो निपचित पडलेला. गंगा धोबीण रडत रडत त्याला भाताचा घास भरवते. घास तोंडात गेल्याबरोबर त्याची राख होते! पडद्यावर खरोखर राख दाखवली, त्याच्या ओठांवरून घरंगळताना. मग काचेचा महाल फुटतो, पांढऱ्या साडीतली बाई येते, तिच्या हातचा घास तो गिळतो आणि छातीवरचा पत्र्याचा सूर्य पेटतो. शंख, वीज, फुलं. गंगा कोपऱ्यात हात जोडून उभी, आणि तिलाच हे सगळं पटलेलं! वर्षानुवर्षं रक्त आटवलेल्या बाईच्या हातच्या अन्नाची राख करून दाखवणारा तो लेखक कोण होता मला माहीत नाही. त्यालाही कुणीतरी दोन वेळचं भरवून मोठं केलं असेलच की. त्या दिवशी मिक्सर लागला नाही. मी मागं वळून पाहिलं तर आई दारात उभी होती, हातात झारा तसाच.

दोन दिवसांनी, मंगळवारी दुपारी, आत्या एकटीच आली. मी गॅलरीत मुंजीच्या आमंत्रणाचे उरलेले कागद घेऊन त्यांची विमानं करत होतो. आत बाबा पेपरात तोंड खुपसून बसले होते. आत्या म्हणाली, ‘सुमन, तू समज ने. खोटं नको लावून घेऊ, मनाला लागू देऊ नको. उद्या मातृभोजनाला नलूलाही बसव.’

आत्या पुढं म्हणाली, ‘रविवारी पाहिलंस ना सगळं? जिच्या पोटचा, तिच्याच हातचा घास अंगी लागतो. शेखरच्या जन्माचं कल्याण आहे त्यात. मी गुरुजींशी बोलले आहे. तेसुद्धा बघतात ते.’

‘वन्सं, ते टीव्हीतलं आहे,’ आई म्हणाली.

‘टीव्हीतलं असलं म्हणून काय झालं? त्यांनी शास्त्र बघूनच लिहिलं असेल ने!’

मुलींच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई हे बोलत होती. आईनं बाबांकडं पाहिलं असणार. मग पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला. तेवढंच बाबांचं उत्तर. त्या पानाच्या आवाजाचीही मला किळस आहे.

मला सगळं समजलं, एका झटक्यात. आणि मला धक्का बसला, जग फिरलं, असलं काही मी लिहिणार नाही, कारण तसं झालंच नाही. मला आनंद झाला. इतका आनंद की मी कागदाचं विमान चुरगळून टाकलं आणि मुठी छातीवर आपटल्या, गगनवीर उडायच्या आधी आपटतो तशा. माझीही खरी आई निराळी आहे! म्हणजे मीसुद्धा! आत माझी आई भिंतीला टेकून बसली असेल तेव्हा मी बाहेर स्वतःचे दंड चाचपून बघत होतो. काकूच्या हातचा घास गिळला की काय काय होईल याची मी यादी केली. झोपताना आई नेहमीसारखी माझ्या केसांना तेल लावायला आली. उद्या ते केस जाणार होते. मी म्हटलं, ‘नको, हात चिकट आहेत तुझे.’

कार्यासाठी पाणीगेटजवळची एक वाडी, म्हणजे मंगल कार्यालय, भाड्यानं घेतलं होतं. सकाळपासून उकाडा, सनईची टेप, तुपाचा आणि घामाचा वास. मला पाटावर बसवलं. समोर चांदीचं ताट, त्यात वरणभात, खीर, बुंदीचा लाडू. बाजूला मुंजी झालेल्या आठ मुलांची पंगत, त्यात माझे दोघे चुलतभाऊ, म्हणजे सख्खे भाऊ, एकमेकांना कोपरखळ्या मारणारे. आई माझ्या शेजारी पाटावर बसली होती, हिरव्या नऊवारीत, कपाळावर घामानं कुंकू ओघळलेलं. तेवढ्यात आत्या काकूला दंडाला धरून घेऊन आली.

‘वन्सं, नको हो,’ काकू म्हणत होती. ‘सुमनचा मान आहे तो.’

‘बस ने तू. दोघी बसा. गुरुजी, हरकत नाही ना?’

गुरुजींनी उपरण्यानं मान पुसली. ‘तसा कुठं निषेध सांगितलेला नाही,’ ते म्हणाले आणि माझ्याकडं असे बघू लागले की जणू माझ्या छातीवर आता काहीतरी पेटणार आहे. मागं बायकांची गर्दी झाली. जिला तिला कोपरानं ढोसून सांगणं चाललं होतं. कुणीतरी कडेवरच्या पोराला उंच धरलं, दिसावं म्हणून. मी आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली, नंदेसरीच्या नाल्यातलं तांबडं पाणीही पाहिलं. पण त्या चेहऱ्यांवरची उत्सुकता आठवली की अजून अंगावर काटा येतो.

आई सरकली. तिनं काकूसाठी अर्धा पाट मोकळा केला. तिला कुणी सरक म्हटलं नव्हतं.

काकूनं घास उचलला. तिच्या बोटांतून शितं मांडीवर पडत होती. मी आ केला, घास घेतला, न चावता गिळला आणि डोळे मिटून वाट पाहिली. काही झालं नाही. वरणात मीठ कमी होतं, एवढंच. पण सगळे बघत होते, काहीतरी तर व्हायला हवं होतं. काही झालं नाही असं कसं दाखवणार? तेवढ्यात आईनं घास पुढं केला. तिनं तो नेहमीसारखा लहान केला होता, वर खिरीतली चारोळी ठेवून. मला चारोळी आवडते म्हणून. मी तो तोंडात घेतला, डोळे वर फिरवले, खांदे थरथरवले आणि घास ओठांवरून ताटात पडू दिला. वर मोठ्यानं म्हणालो, ‘राख!’

मुलं हसली. कुणीतरी टाळी वाजवली. आणि आत्या डोळ्याला रुमाल लावून म्हणाली, ‘बघा, लेकरालासुद्धा कळतं!’

काकू ताडकन उठली. ‘वन्सं, पुरे झालं आता,’ ती म्हणाली, आणि मी तिला आत्याशी मोठ्या आवाजात बोलताना ऐकलं ते तेवढंच. पदर तोंडाला लावून ती आतल्या खोलीत गेली. ती माझं उष्टं न खाताच उठली, पण तिला मी दोष देत नाही. त्या गर्दीत तीच एक शरमली होती.

आई बसून राहिली. तिनं ताटात पडलेला घास बघितला. माझी लाळ लागलेला, फुटलेला, बुळबुळीत. मलाच तो बघवत नव्हता. तिनं तो चारही बोटांनी गोळा केला, चारोळी वेगळी पडली होती तीही उचलली, आणि तोंडात घालून शांतपणे चावून खाल्ला. मग हात ताटाच्या कडेला ठेवून गुरुजींकडं बघत राहिली. गुरुजींनी मान वळवली. ‘झालं मातृभोजन,’ ते म्हणाले. ‘न्हाव्याला बोलवा.’

पुढचं सगळं रीतीप्रमाणं झालं. मुंडन झालं, अंतरपाट धरला, जानवं घातलं. संध्याकाळी भिक्षावळ. पहिली भिक्षा आईकडं मागायची असते. ‘भवति भिक्षां देहि’ म्हणत मी झोळी तिच्यापुढं धरली तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तिनं तांदूळ घातले, वर लाडू ठेवला, डोक्यावरून हात फिरवला नाही. ती रागावली नव्हती. घरी आल्यावर ताट वाढायची, गणवेशाला इस्त्री करायची, सगळं करायची. फक्त ती मला एरवी ‘शेख्या’ म्हणायची ते बंद झालं. ‘दूध ठेवलंय.’ ‘आंघोळीचं पाणी काढलंय.’ हाकेशिवाय. जानवं अंगाला घामानं चिकटायचं, टक्कल खाजायचं आणि तोंडाची चव गेलेली असायची. बाबा हात जवळ आणायचे आणि आता ते स्वतःच मागं घ्यायचे.

रविवार आला. मला वाटलं होतं, या खेपेला तरी कुणी येणार नाही. आली की! काकू तेवढी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिली. बाकी सगळे, तीच सतरंजी, तीच वाटी, तोच रुमाल. आत्या माझ्या टकलावरून हात फिरवून म्हणाली, ‘काय बटू, पुढं बस ने.’ बाबा पेपर घेऊन कोपऱ्यात. पडद्यावर पांढऱ्या साडीतली बाई गगनवीराच्या डोक्याला तेल लावत होती आणि गंगा धोबीण तिचे पाय चेपत होती. पाय चेपत होती! शंख वाजला. कुणीतरी म्हणालं, ‘जनम देनेवाली...’ आणि आत्यानं रुमाल काढला.

मी उठलो, त्यांच्या गुडघ्यांवरून, वाट्यांवरून स्वयंपाकघरात गेलो. आई ओट्याला टेकून उभी होती. समोर दाण्यांचा डबा, मिक्सरवर धुतलेलं भांडं, पण हात पोटाशी घेतलेले. गेल्या रविवारपासून ती मिक्सर लावत नव्हती. मी तिच्याकडं न बघता पुढं झालो आणि बटण फिरवलं.

घर्र! बाहेर एकच गिल्ला झाला. ‘अरे, लीटा!’ ‘सुमन!’ ‘बंद कर ने!’ चुलतभाऊ पाय आपटायला लागले. मी बटण सोडलं नाही. डोळ्यातून पाणी वाहत होतं, नाकही, आणि जानव्याच्या खाली छाती धडधडत होती. आत्या दारापर्यंत आली. आईनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि पुढं होऊन स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

मग ती माझ्याजवळ आली. तिनं माझ्या हातावर हात ठेवून बटण बंद केलं. तिचा हात तेलानं चिकट होता.

‘शेख्या,’ ती म्हणाली, ‘रिकामं भांडं फिरवू नाही रे. जळेल.’

तिनं डब्यातले दोन मुठी दाणे भांड्यात टाकले, झाकण लावलं, माझा तळवा त्या झाकणावर घट्ट दाबून धरला आणि म्हणाली, ‘हां, आता फिरव.’